चाळिशीत आयटी सोडायचा विचार आहे – ज्यांनी सोडलं त्यांनी सांगा

पहाटपाळी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

वय ४१. आयटीत सोळा-सतरा वर्षं, बहुतेक सगळी हिंजवडीत. प्रॉडक्शन सपोर्ट, म्हणजे चालू सिस्टम अडकली की दुरुस्त करायची; क्लायंट अमेरिकेतली एक बँक. त्यांच्याकडे संध्याकाळ झाली की दिवसभराचे हिशेब जुळवणाऱ्या बॅच सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेतीन-चार. एखादी बॅच अडकली की फोन. उठायचं, लॅपटॉप उघडायचा, ब्रिज कॉलला जायचं. कॉलवर पंचवीस-तीस जण, त्यातले काम करणारे दोन, बाकीचे म्यूटवर, आणि एक जण दर पंधरा मिनिटांनी ‘एनी अपडेट?’ विचारायला. लॉग (सिस्टमच्या नोंदी) वाचायची इतकी सवय झालीय की तेव्हा काही वाटत नाही. कॉल संपल्यावर मात्र झोप येत नाही. मग साडेसहाला मुलाची शाळेची गडबड, दहाला स्टँडअप (टीमची रोजची मीटिंग), आणि तिथे रात्री काय झालं त्याचा खुलासा माझ्याकडूनच.

ड्यूटी नसलेल्या आठवड्यातही तीनला जाग येते. परवा एका लग्नात जेवणाच्या पंगतीत कुणाच्या तरी फोनवर तोच रिंगटोन वाजला, तर माझा उष्टा हात खिशात.

बीपीची गोळी सुरू झालीय. डॉक्टर म्हणाले, कामाचं काहीतरी बघा. काय बघू ते काही बोलले नाहीत.

डोक्यात आहे ते असं: शाळेत किंवा ज्युनिअर कॉलेजात शिकवावं, नाहीतर मुळशीकडे थोडी जमीन घेऊन शेती करावी. अगदीच नाही तर छोटंसं खाण्याचं दुकान. फ्लॅटचं ४० लाख कर्ज बाकी आहे. पत्नी एका सहकारी बँकेत आहे. तिच्या पगारात घर चालतं, हप्ता निघत नाही. मुलगा पाचवीत. आई-वडील माझ्या कंपनीच्या विम्यात.

‘मन सांगेल ते करा’ असा सल्ला कृपया नको. मन रोज वेगळं सांगतं.

कोथरूडचा_कावळा
रुमाल टाकून ठेवतो. उत्तरांत मलाही रस आहे, कारण सांगत नाही, बॉस पण मराठी वाचतो.

तिरकस
आठवड्याला सत्तर तास काम करा असं २०२३ मध्ये एका ज्येष्ठ उद्योजकांनी सांगितलं. २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्यांनी आकडा नव्वदवर नेला. तुम्ही झोपेतही ड्यूटीवर असता, म्हणजे तुमचे एकशे अडुसष्टच्या एकशे अडुसष्ट भरले. देशाला तुमची गरज आहे, सोडू नका.

मास्तरीण
मी सोडलं. टेस्टिंगमध्ये होते, आता नाशिकला एका खाजगी सीबीएसई शाळेत सातवी ते दहावी गणित शिकवते. आवडतं. पण आधी व्यवहाराचं सांगते, नाहीतर सगळे माझ्यासारखे ‘मुलांमध्ये रमेन’ म्हणत येतात.

बी.एड. आता दोन वर्षांचं आहे. सीईटी द्यावी लागते. बी.ई.ला ५५ टक्के असतील तर प्रवेशाला पात्र ठरता. ज्युनिअर कॉलेज डोक्यात असेल तर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी अधिक बी.एड., नुसत्या बी.ई.वर भागत नाही. अनुदानित शाळेत पवित्र पोर्टलमधून (शिक्षकभरतीचं सरकारी पोर्टल) लागलं तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे पूर्ण पगार नाही, मानधन. त्याचं मानधन २०२३ मध्ये वाढलं, तेव्हा कुठे प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ आणि उच्च माध्यमिकला २० झालं. त्याआधी सहा, आठ आणि नऊ हजार होतं! तुमचं वय ४१, म्हणजे खुल्या प्रवर्गातून सरकारी भरतीचा विषय तसाही संपला. उरल्या खाजगी शाळा. तिथे पगार शाळा ठरवेल तो.

ताणाबद्दल. वर्गात चाळीस मुलं असतात आणि एकालाही म्यूट करता येत नाही. जूनमध्ये घसा बसतो तो श्रावणात सुटतो. ओपन हाउसला एक बाबा उत्तरपत्रिकेचा फोटो मोठा करून आणतात आणि अर्ध्या मार्कावर वीस मिनिटं बोलतात, त्यांच्यामागे रांग. परीक्षेच्या दिवसांत स्वयंपाकघरातल्या ओट्यावरही पेपरांचे गठ्ठे असतात. एवढं सगळं असून रात्री फोन वाजत नाही. दहावीचा कुठला मुलगा पहाटे चारला फोन करून वर्गसमीकरण विचारत नाही, आणि विचारलंच तर मी आनंदाने उठेन.

पगार शेवटच्या आयटी पगाराच्या पाव हिश्श्याहून थोडा जास्त. आमच्या घराचं कर्ज आधीच फिटलं होतं. या एका वाक्यावर माझा सगळा निर्णय उभा आहे, म्हणून शेवटी लिहिलं.

राजाभाऊ_रिटायर्ड
आम्ही २००१ ची मंदी पाहिली, २००८ ची पाहिली. आजची मुलं लगेच थकतात. २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने १२ हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं. ज्याची नोकरी टिकून आहे त्याने देवाचे आभार मानावेत. लोक वाट बघतायत तुमच्या खुर्चीची.

अनघड
@राजाभाऊ, खुर्चीची वाट बघणारे आहेत म्हणून बसणाऱ्याचं बीपी कमी होत नाही. आणि ‘लगेच’? सोळा-सतरा वर्षं लिहिलंय त्यांनी.

धागाकर्ते, राग मानू नका, एक सांगते. आमच्या टीममधून मूल झाल्यावर कितीतरी जणी गेल्या. चांगल्या, माझ्याहून हुशार. त्यांच्यासाठी कुणी धागा काढला नाही, हप्त्याचं गणित मांडलं नाही. ‘घरी बसली’ म्हणून दोन शब्दांत विषय संपला. पुरुष सोडतो म्हटल्यावर त्याला करिअरचा निर्णय म्हणतात. तुमची चूक नाही, पण तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये पत्नीचा पगार आहे, पत्नीचं मत नाही. त्या काय म्हणतात?

पहाटपाळी
@अनघड, बरोबर पकडलंत. ती म्हणते, ‘तू शेती कर नाहीतर वडापाव तळ, फक्त रात्री घोरत झोप.’ पण हप्ता कसा भरायचा यावर आमचं बोलणं दर वेळी तिथेच थांबतं. ती बँकेतली, आकडे तिला माझ्याहून चांगले कळतात, म्हणून जास्त घाबरते.

पैसाकाका
चला, मग आकडेच बोलू.

४० लाख बाकी, साडेआठ टक्के धरले आणि वीस वर्षं, तर हप्ता साधारण ३४,७०० येतो. मुदत कमी असेल तर जास्त. म्हणजे तुमचा प्रश्न ‘आयटी सोडू का’ हा नाहीच. ‘दरमहा पस्तीस हजार अधिक आई-वडिलांची औषधं अधिक मुलाची फी कुठून येईल’ हा आहे. शिक्षणसेवकाच्या मानधनात यातला पहिलाच खर्च बसत नाही.

मिळणाऱ्या गोष्टी बघू. पाच वर्षांवर नोकरी झाली म्हणजे ग्रॅच्युइटी हक्काची. मूळ पगार भागिले २६ गुणिले १५ गुणिले वर्षं. मूळ पगार ६० हजार आणि सतरा वर्षं एकाच कंपनीत असतील तर पावणेसहा-सहा लाख. कंपन्या बदलल्या असतील तर त्या त्या ठिकाणचं वेगळं धरायचं, आणि जिथे पाच भरली नाहीत तिथलं विसरायचं. हे पैसे हाती आले की लोक गाडी घेतात. तुम्ही ते बाजूला ठेवा.

पीएफ भावनेच्या भरात काढू नका. नोकरी सुटल्यावरही त्यावर व्याज मिळत राहतं, मात्र सुटल्यानंतरचं व्याज करपात्र असतं. पेन्शन योजनेत दहा वर्षं भरली असतील तर तो हक्क राहतो, रक्कम किरकोळ असली तरी.

आता खरं दुखणं: विमा. लोक पगाराचा विचार करतात आणि हे विसरतात. तुमचे आई-वडील कंपनीच्या गटविम्यात आहेत, तिथे आधीच्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळत असणार. राजीनाम्यानंतर शेवटच्या दिवशी ते संपतं. बाहेर नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आणि आता तुमचा स्वतःचा बीपीही ‘आधीपासूनचा आजार’ झाला. तो अर्जात लपवू नका, दावा नेमका तिथे अडकतो. कंपनीच्या विमा कंपनीकडे गटातून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते नोटीस देण्याआधी विचारा. नोटीस दिल्यावर एचआर फोन उचलत नाही.

आणि ते ‘साठवलेल्या पैशातून वर्षाला चार टक्के काढून जगा’ असं अमेरिकन चार टक्क्यांचं सूत्र घेऊन येणाऱ्यांनी कृपया येऊ नये. १९९४ मध्ये तिथल्या बाजाराच्या आकड्यांवर तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी मांडलेलं गणित आहे ते. इथे माणूस ४१ चा आहे आणि पुण्यात राहतो.

करवंद
मुळशीच्या जमिनीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी.

तुमच्या किंवा वडिलांच्या नावाचा सातबारा कुठे आहे का? नसेल तर शेतीचा विषय इथेच थांबतो. १९४८ चा कुळवहिवाट कायदा, कलम ६३: शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेता येत नाही. ‘फार्महाउस प्लॉट’ म्हणून विकणारे खूप भेटतील, कॉफी पाजतील. एनए (बिगरशेती) झालंय का ते उताऱ्यावर बघा, ब्रोशरवर नको.

मी राजापूरकडे असतो. वडिलोपार्जित हापूसची बाग, म्हणून जमलं. पुण्यातली नोकरी सोडून आलो तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा झोपाळ्यावर बसून आंबे खाणार. मोहोर आला की तुडतुडे येतात. चार दिवस ढगाळ गेले की भुरी नि करपा. परवाचंच सांगतो. सकाळी सातपासून पंप घेऊन गडी आणि मी फवारणीला. मोठ्या झाडांना शेंड्यापर्यंत नळी पोचवायची म्हणजे एक जण वर चढतो, तोंडाला फडकं बांधून. दुपारी अडीचला शेवटचं झाड झालं. साडेचारला पाऊस. डिसेंबरात! औषध, मजुरी, पेट्रोल, सगळं मातीत. परत फवारायचं तर औषधाच्या दुकानात आधीची उधारी. कैरी धरली की वानरं. ती खातात थोडी, पाडतात जास्त. आणि पैसे वर्षातून एकदा, तेही वाशीच्या बाजारातून पट्टी (विक्रीचा हिशेब) येईल तेव्हा. पट्टीत हमाली-तोलाई वजा जाता काय उरलं ते वाचायला धीर लागतो.

रात्री झोप लागते, हे खरं. अंग मोडून येतं, दुसरं काय होणार. पण जानेवारीत मी हवामानाचा अंदाज दिवसातून जितक्या वेळा बघतो तितक्या वेळा तुम्ही सर्व्हर बघत नसाल. घर बायकोच्या नोकरीवर चालतं, हे ती चारचौघांत सांगत नाही, मी सांगतो. अंगणात पर्यटकांसाठी खोल्या काढल्या आहेत, त्याचे पैसे रोख येतात. पाहुणे बहुतेक आयटीवाले. रात्री अकराला वायफायचा पासवर्ड मागतात.

तरी परत जाशील का विचारलंत तर नाही. का, ते नीट सांगता येत नाही.

कोथरूडचा_कावळा
@करवंद, खोलीचा दर काय?

करवंद
व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

बाष्कळ_आर्किटेक्ट
खाण्याच्या दुकानावर मी बोलतो, कारण मी ते करून परत आयटीत आलोय. कर्वेनगरात पोळीभाजी केंद्र. भाडं अकरा महिन्यांच्या करारावर. चाललं की मालक वाढवतो, नाही चाललं की तुम्ही अडकता. पहाटे पाचला मंडई. पोळ्या करणाऱ्या मावशी आल्या नाहीत तर साडेअकरापर्यंत दीडशे पोळ्या कुठून आणणार? आयटीत माणूस नाही आला तर डेडलाइन पुढे सरकवता येते. भुकेलं गिऱ्हाईक सरकत नाही. रविवार बंद ठेवला तर धंदा गेला, चालू ठेवला तर घर गेलं.

परत येताना मुलाखतीत प्रत्येकाने ‘मधली वर्षं काय केलंत’ विचारलं. पोळीभाजी म्हटल्यावर दोघे हसले, एकाने ‘व्हेंडर मॅनेजमेंट’ म्हणून रेझ्युमेत टाकायला सांगितलं. तिसरा तोच आता माझा बॉस आहे आणि चांगला आहे.

एडिसनची_काकू
न्यू जर्सीहून लिहितेय. तुमच्याकडे निदान सोडायची मुभा आहे हो. आमच्याकडे ह्यांचा एच-वन-बी, म्हणजे नोकरीवर मिळालेला व्हिसा. नोकरी गेली की साठ दिवस, तेवढ्यात दुसरा मालक मिळाला नाही तर चंबूगबाळं आवरा. ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांचा नंबर कधी लागेल ते विचारू नका, मुलगी इथे जन्मून कॉलेजात गेली. ‘शिक्षक व्हावं का’, ‘बेकरी काढावी का’ हे प्रश्न आम्ही मनातही आणत नाही. व्हिसा त्या कामाचा आणि त्या मालकाचा. म्हणून म्हणते, पुण्यात असाल तर अजून निवड हातात आहे. आणि तुमची ती पहाटे साडेतीनची बॅच पडते ना, तेव्हा इकडे संध्याकाळी आमच्या ह्यांचाही फोन वाजतो. कदाचित तुम्ही दोघं एकाच कॉलवर म्यूट असाल!

मनोव्यापार
समुपदेशक आहे, ठाण्यात. निदान इथून करणार नाही, पण दोन गोष्टी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा तो आजार म्हणून नोंदवला नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून नोंदवला. त्यात तीन गोष्टी बघतात: थकवा, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्याकडून काही नीट होत नाही ही भावना. पहाटपाळी, तुमच्या लिहिण्यात पहिली ठळक दिसते. दुसरी-तिसरी मला दिसली नाही. तुम्ही लॉग वाचण्याबद्दल लिहिता तेव्हा काम येणाऱ्या माणसासारखं लिहिता. व्यवसायाचा कंटाळा आलेले लोक माझ्यासमोर बसतात, त्यांची भाषा निराळी असते. तुमची झोप मोडलीय. झोप मोडलेल्या माणसाने जमीन, दुकान आणि राजीनामा हे तीनही शब्द एका परिच्छेदात लिहू नयेत. आधी सलग रजा घ्या, फोन घरच्यांकडे द्या. ड्यूटी नसतानाही तीनला जाग येत राहिली तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, त्यात काही कमीपणा नाही. लगेच कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६, मराठीतही बोलतात.

अनघड
+१. ‘आयटी सोडायचं’ आणि ‘रात्रीचा फोन सोडायचा’ हे वेगळं आहे, हे मी टाइप करतच होते.

तिरकस
मी पण. पण मी टाइप केलं असतं तर कुणी ऐकलं नसतं.

चाकणकर
सगळे एक तर आयटी नाहीतर आंबे असं का बोलताहेत? मध्ये मोठा पट्टा आहे. चाकण, रांजणगाव, तळेगाव, इथल्या कारखान्यांना स्वतःचे आयटी विभाग असतात. मी तिथेच आहे. सकाळी साडेआठ ते साडेपाच, कंपनीची बस, कँटीनचं जेवण. क्लायंट म्हणजे शॉप फ्लोअरवरचा सुपरवायझर. तो चिडला की समोर येऊन चिडतो, मेलवर पंधरा जणांना कॉपी करत नाही. सुट्टी गुरुवारी. पगार हिंजवडीच्या तुलनेत कमी, तीस-चाळीस टक्क्यांनी खाली यायची तयारी ठेवा. वाढही हळू.

फार गुलाबी रंगवत नाही. डिस्पॅच अडकला, गेटवर ट्रक उभे राहिले की रात्री फोन येतो. पण तो वर्षातून मोजक्या वेळा, आणि का आला ते कळतं. लेबल छापलं जात नाही म्हणून माल हलत नाही, तुम्ही प्रिंटरची रांग मोकळी केलीत, ट्रक गेला. तुमचा तो तीस जणांचा ब्रिज कॉल नाही.

पहाटपाळी
सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर देतोय, वेळ लागेल. @मनोव्यापार, तुमचा परिच्छेद पत्नीला वाचून दाखवला. ती म्हणाली, हेच मी तुला दिवाळीपासून सांगतेय. @करवंद, आजोबांचा सातबारा सोलापूरकडे होता, चुलत्यांनी कधीच विकला. म्हणजे शेती गेली. खरं सांगू का, जरा हलकंच वाटलं.

उद्या मॅनेजरशी बोलतो, ऑन-कॉलमधून, म्हणजे रात्रीच्या फोनच्या ड्यूटीतून, काढा म्हणून.

राजाभाऊ_रिटायर्ड
बोला, पण लेखी काही देऊ नका.

पैसाकाका
उलट, बोलल्यावर त्याच दिवशी साधी मेल टाका. ‘आज आपलं असं बोलणं झालं.’ एवढंच.

पहाटपाळी
बऱ्याच दिवसांनी येतोय, ज्यांनी व्यनित विचारलं त्यांच्यासाठी लिहितो.

मॅनेजर भला माणूस आहे. म्हणाला, तिमाही संपू दे. तिमाही संपल्यावर म्हणाला, बदली माणूस मिळू दे. रात्रीचं काम नसलेल्या एका टीममध्ये जागा होती, एक पायरी खाली. मी तयार होतो, पण एचआरचं म्हणणं, स्वतःहून खालच्या बँडला जायची पॉलिसी नाही. वर जायला भांडावं लागतं हे माहीत होतं, खाली जायलाही जागा नाही हे नवीन कळलं. मध्ये मोठी रजा घेतली. पहिला आठवडा तीनला जाग यायचीच. मग एके दिवशी उठलो तर सात वाजले होते आणि मुलगा स्वतःच आवरून गेला होता.

रजेत चाकणकरांच्या सांगण्यावरून दोन-तीन ठिकाणी अर्ज केले. एका वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आयटी विभागात झालं. पगार जवळजवळ एक तृतीयांश कमी. हप्ता निघतो, बाकीच्याला कात्री: दुसरी गाडी विकली, मुलाचा तो कोडिंगचा क्लास बंद (मुलगा खूश). आई-वडिलांची वेगळी पॉलिसी नोटीस द्यायच्या आधीच घेतली. प्रीमियम बघून वडील म्हणाले, एवढ्यात मी आजारीच पडणार नाही. नव्वद दिवसांची नोटीस चालू आहे आणि गंमत म्हणजे नोटीस पिरियडमध्येही ऑन-कॉल माझ्याकडेच आहे.

शिकवायचं डोक्यातून गेलं नाही. पण कर्ज निम्मं होईपर्यंत ते शनिवार-रविवारपुरतं बघू.

मास्तरीण
तुम्हाला गुरुवारी सुट्टी ना? शनिवार-रविवार कुठला मिळणार!

पहाटपाळी
अरे हो. यावर घरात अजून चर्चाच झालेली नाही.

चाकणकर
रविवारची सवय दोन महिन्यांत जाते. गुरुवारी बँका, आरटीओ, सगळं उघडं असतं, रांगाही कमी. पीएफ ट्रान्सफर आणि रिलीव्हिंग लेटरचं मात्र आत्ताच मागे लागा. इथे जॉइनिंगला कागद पूर्ण लागतात.

नवशिका_७७
माझी पण सेम केस आहे, फक्त वय २६, लग्न नाही, कर्ज नाही, नोकरीला तीन वर्षं झाली आणि कामही तसं ठीक आहे. सोडू का?

पैसाकाका
नवा धागा काढा.